चकाकी आणि चीर

साहित्याच्या अभ्यासकांनी मोटारीच्या चाकाविषयी लिहावे, हे काही वाचकांना विषयांतर वाटेल. पण डागडुजी हा विषय लोहार-सुतारांकडे सोपवून मोकळे होण्याइतका साधा नाही. जुनी वस्तू पुन्हा वापरात आणताना तिचे घाव दाखवायचे की झाकायचे, हा प्रश्न चाकाला लागू आहे तसाच पोथीलाही. चाकाच्या बाबतीत उत्तर चुकले तर माणूस जिवाला मुकू शकतो, एवढाच फरक. म्हणून आधी चाक.

गेवराई तालुक्यातील तलवाडा हे गाव त्वरितादेवीचे. त्वरिता म्हणजे शीघ्र, वेगवती. अशा गावात खरीखुरी स्पोर्ट्स कार क्वचितच दिसेल. पण तिचे चाक मात्र तिच्या आधीच खेड्यापाड्यांत येऊन पोहोचले आहे. जुनी मोटार घेणाऱ्या तरुणाला पहिली ओढ असते ती अलॉय व्हीलची. नवी चाके परवडत नाहीत, म्हणून वापरलेली घ्यायची आणि ती ‘नवी करून’ घ्यायची. हे ‘नवी करणे’ म्हणजे नेमके काय, हे विचारण्याची पद्धत मात्र आपल्याकडे अजून रुळलेली नाही.

हे चाक मुळात शर्यतीचे अपत्य. १९२४ साली फ्रान्समधील ल्याँ येथील शर्यतीत बुगाटीची ‘टाइप ३५’ ही मोटार उतरली, ती ॲल्युमिनियमच्या ओतीव चाकांवर. आठ चपटे आरे आणि चाकातच ओतलेला ब्रेकचा ड्रम, अशी ती रचना होती. त्या शर्यतीत तिच्या टायरांनी दगा दिला. पण चाकाचे ते रूप पुढे अजरामर झाले. त्यामागचे कारण केवळ देखणेपणाचे नव्हते. स्प्रिंगांच्या खाली जे वजन असते ते जितके कमी, तितके चाक रस्त्याला अधिक चिकटून धावते. आज आपण ज्याला शोभा म्हणतो, ती एके काळी गरज होती.

आजचे ओतीव चाक बहुधा ॲल्युमिनियममध्ये सुमारे सात टक्के सिलिकॉन आणि किंचित मॅग्नेशियम मिसळून केलेले असते. ओतल्यानंतर ते सुमारे ५४० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पाण्यात विझवतात आणि मग मंद आचेवर मुरवतात. त्याचे बळ केवळ धातूत नसते, ते या भट्टीच्या संस्कारातही असते. दुरुस्ती करणाऱ्याने हे विसरता कामा नये. जुना रंग काढावा, चाक स्वच्छ करावे, वाकले असेल तर मापक लावून किती वाकले ते पाहावे. मग रंगीत द्रव लावून, पुसून, चीर शोधावी. डोळ्यांना न दिसणारी भेग तो द्रव शोषून घेते आणि नंतर स्वतःच रेघ होऊन बोलू लागते. एवढे झाल्यावरच पावडर कोटिंगचा विचार. तेही साधारण १८० ते २०० अंशांवर, मोजक्या मिनिटांसाठी; त्याहून जास्त ताप दिला तर मूळचा संस्कारच बिघडतो. तडा गेलेल्या जागी वेल्डिंग केले तर तेथील धातू आतून मऊ पडतो, आणि वरून रंग दिल्यावर ते कोणालाच दिसत नाही. लेथवर हिऱ्याच्या टोकाने चाकाचा चेहरा उजळवण्याची जी पद्धत आहे, तीत दर वेळी धातूचा एक पातळ थर निघून जातो. म्हणजे प्रत्येक चकाकीची किंमत चाक स्वतःच्या अंगातून चुकवते. हा व्यवहार दोन-चार वेळाच चालतो, कायमचा नाही.

आता प्रश्न असा की, चीर आधी शोधायची की रंग आधी द्यायचा? कारागिरीच्या दृष्टीने उत्तर उघड आहे. बाजाराच्या दृष्टीने मात्र ते तितके उघड नाही. कारण चीर सापडली तर चाक भंगारात जाते, आणि रंग दिला तर विकले जाते.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ग्रामव्यवस्थेवर पुस्तक लिहिले आणि त्याला नाव दिले ‘गावगाडा’. गाव म्हणजे गाडा, ही कल्पना करताना चाके कोण सांभाळतो हेही ओघाने आलेच. लाकूड सुकून आकसले की चाकावरची लोखंडी धाव सैल होई. मग ती काढून, कापून, पुन्हा सांधून, गोवऱ्यांच्या आगीत लालबुंद करून चाकावर बसवत आणि वर पाणी ओतत. लोखंड आक्रसले की आरे आणि तुंबा एकमेकांना घट्ट धरत. ही दुरुस्ती गावासमोर होई. आणि ती फसली तर गाडी त्याच लोहाराच्या दारात परत येई. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिने कारागिराला जातीशी आणि बलुत्याच्या धान्याशी बांधून ठेवले होते. ते बंधन तुटले हे चांगलेच झाले. पण त्याबरोबर आणखी एक गोष्ट तुटली: दुरुस्ती करणारा आणि त्या चाकावर बसणारा यांची ओळख. आज रंगवणारा एका शहरात, विकणारा दुसऱ्या, आणि महामार्गावर ताशी शंभरच्या वेगाने धावणारा तिसराच. ओळखीने जी जबाबदारी आपोआप येत होती, ती आता लिहून घ्यावी लागणार.

येथे कोणी म्हणेल की मुळात चाक चकाकवण्याची हौसच वाईट. आम्हांला ते मान्य नाही. पोळ्याला बैलांची शिंगे रंगवणाऱ्या, त्यांना बेगड आणि झूल चढवणाऱ्या मुलखाने तरुणाच्या हौसेला नाके मुरडू नयेत. पण शिंगे रंगवल्याने लंगडा बैल धडधाकट दिसत नाही. चालू लागला की त्याचे लंगडेपण गावाला दिसतेच. हौस आणि फसवणूक यांतली सीमारेषा नेमकी येथे आहे. सजावट दोषाच्या शेजारी बसली तर ती हौस. दोषाच्या अंगावर बसली तर ती फसवणूक.

आपल्या क्षेत्रात हा प्रश्न फार पूर्वी सोडवला गेला आहे, आणि तोही याच गोदाकाठी. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. ग्रंथ मुळात शुद्धच होता, पाठांतरांमुळे बिघडला, असे त्यांनी सांगितले. आपले नाव आणि साल नोंदवले. आणि पुढच्यांनी त्यात आपल्या ओव्या घालू नयेत असे बजावले. कोणी दुरुस्त केले, केव्हा, कशासाठी, हे तिन्ही वाचकाला कळते. एक मात्र कळत नाही: नेमके काय बदलले. ती यादी नसल्यामुळेच पुढच्या संशोधकांना जुन्या पोथ्यांच्या मागे हिंडावे लागले. वि. का. राजवाड्यांना बीडच्या पाटांगणात मिळालेली पोथी १९०९ साली छापली गेली, तिचे महत्त्व त्यासाठीच. पाठभेदांची तळटीप विद्यार्थ्यांना रुक्ष वाटते. पण ती संपादकाच्या प्रामाणिकपणाची पावती असते. येथे हात लागला आहे, असे ती सांगते.

जुन्या चाकालाही अशी तळटीप हवी. रंग कोणत्या तापमानाला पक्का केला, चीर तपासली का, वेल्डिंग कोठे झाले, चेहरा किती वेळा कापला, एवढ्या चार ओळी कारागिराने लिहून द्याव्यात आणि ग्राहकाने हट्टाने मागाव्यात. यासाठी कायद्याची वाट पाहण्याची गरज नाही. आणि ज्या वर्गात आपण संहितेची चिकित्सा शिकवतो, तेथे बसलेला विद्यार्थी उद्या जुनी मोटार घेणारच आहे. गुळगुळीत छापलेल्या पानाला ‘याखाली काय आहे?’ असे विचारायला आपण त्याला शिकवतो. चकाकत्या चाकासमोरही तो हाच प्रश्न विचारू लागला, तर मराठीच्या अभ्यासाचा उपयोग काय, हा आपल्याला वारंवार विचारला जाणारा प्रश्न निदान एका माणसापुरता तरी मिटेल.