फुकटचं ऊन, महागडी सावली

आमच्या घरच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. पृथ्वीवर वीज पुरत नाही, म्हणून मोठाली डेटा सेंटरं आता अवकाशात न्यायची. तिथे ऊन फुकट आणि थंडीही फुकट! धाकट्या मामाने त्यावर तीन अंगठे ठोकलेत. मामा, पहिला अंगठा मान्य. थंडीबद्दल मात्र भांडायचंय, आणि ग्रुपवर एवढं लांब कोणी वाचत नाही म्हणून इथे लिहितोय.

ऊन भरपूर आहे हे खरंच. वातावरणाबाहेर दर चौरस मीटरला सुमारे १३६० वॅट, ढग नाहीत, धूळ नाही. पण थंडीचं काय? आपल्या एसीची उष्णता बाहेरची हवा घेऊन जाते. अवकाशात हवाच नाही. चहाचा थर्मास आठवा. त्याच्या दोन भिंतींमध्ये पोकळी असते म्हणूनच चहा गरम राहतो. अवकाशस्थानकाच्या चहूबाजूंना तीच पोकळी आहे. उष्णता बाहेर टाकायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे प्रारण. खोलीच्या तापमानाचा एक चौरस मीटर पत्रा एका बाजूने फार तर साडेचारशे वॅट बाहेर फेकतो. आणि वापरलेली वीज शेवटी उष्णताच होते. म्हणजे एक मेगावॅट वीज वापरली तर पत्र्याच्या दोन्ही बाजू धरूनही हजाराहून जास्त चौरस मीटर रेडिएटर हवा. आपल्या भाषेत साधारण अकरा गुंठे!

आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाचे फोटो बघा. मूळच्या सोलर पॅनेलचे आठ पंख, प्रत्येक सुमारे ३५ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद. स्थानक दीड तासात पृथ्वीची एक फेरी मारतं, म्हणून सूर्याकडे तोंड ठेवायला हे पंख एका मोठ्या सांध्यावर सतत फिरत राहतात. त्यांच्याजवळच पांढरे रेडिएटर दिसतात. त्यांचं उलटं. ते सूर्याला कड दाखवतात, तोंड नाही. एकाला ऊन हवं, दुसऱ्याला सावली, आणि दोघं एकाच खांबाला बांधलेले. संसारच म्हणा ना!

हा संसार टिकवणं किती कठीण असतं बघा. २००७ मध्ये उजवीकडच्या फिरत्या सांध्यात थरथर जाणवू लागली. अंतराळवीरांनी झाकण उघडलं तर आत धातूचा कीस. कारण काय, तर वंगण पुरेसं नव्हतं. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये अनेक स्पेसवॉक करून तो सांधा पुसला, ग्रीस लावलं, बेअरिंग बदलली. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये सुनीता विल्यम्स आणि अकिहिको होशिदे बाहेर पडले ते पॅनेलच्या विद्युत यंत्रणेला थंड ठेवणाऱ्या अमोनियाची गळती थांबवायला. पुढच्याच मे महिन्यात गळती वाढली आणि आणखी दोघांना बाहेर जाऊन पंप बदलावा लागला.

पण सगळ्यात बोलकं उदाहरण स्कायलॅबचं. आपल्याकडे स्कायलॅब म्हटलं की १९७९ ची 'डोक्यावर पडणार' ही भीतीच आठवते. खरी गोष्ट मे १९७३ ची आहे. उड्डाणातच तिचं बाहेरचं संरक्षक आवरण फाटून गेलं, एक सोलर पंख तुटला आणि दुसरा अडकला. आतलं तापमान पन्नास अंशांपुढे गेलं. उन्हापासून तोंड फिरवलं तर वीज जाणार, उन्हाला सामोरं ठेवलं तर भट्टी होणार. अकरा दिवस जमिनीवरची माणसं तिला तिरकी धरून बसली, कशीबशी. मग कॉनराड, कर्विन आणि वाइट्झ वर गेले आणि त्यांनी एका लहानशा झरोक्यातून चक्क छत्री उघडली. ७ जूनला अडकलेला पंखही मोकळा केला. माझ्या मते सगळा धडा यातच आहे. पॅनेल कुठे वळवायचं आणि उष्णता कुठे टाकायची हे दोन प्रश्न नाहीतच, एकच आहे.

अवकाशातली डेटा सेंटरं अशक्य आहेत असं मी म्हणत नाही. पण ज्या जाहिरातीत पॅनेलचं चित्र आहे आणि रेडिएटरचं नाही, तिच्यावर माझा विश्वास नाही. अवकाशस्थानकाच्या मुख्य अमोनिया यंत्रणेची क्षमता सुमारे ७० किलोवॅट आहे. जमिनीवरच्या मोठ्या डेटा सेंटरचा हिशोब शेकडो मेगावॅटमध्ये चालतो.

आणि हे फक्त परक्यांचं नाही. भारताचं स्वतःचं अवकाशस्थानक २०३५ पर्यंत उभं करायचं, त्याचा पहिला भाग २०२८ मध्ये पाठवायचा, असं सरकारने ठरवलंय. मला त्याचा मनापासून अभिमान वाटेल. मंगळयान साडेचारशे कोटींत झालं याचाही वाटतो. पण स्वस्ताईची ती फूटपट्टी इथे लावू नये. त्या यानात माणूस नव्हता. स्थानकात माणसं राहतील, वर्षानुवर्षं. म्हणून 'किती स्वस्तात झालं?' यापेक्षा 'सांध्यात वंगण किती, रेडिएटर केवढा आणि पंप बिघडला तर दुसरा आहे का?' हे आपण नागरिकांनी आधी विचारावं. उड्डाणाच्या दिवशी टाळ्या तर आपण वाजवूच.

असो. भाषण लांबलं. तुमचं मत वेगळं असेल तर खाली जरूर लिहा, भांडायला मी आहेच.