आपदा मित्राला चाळिशीची अट कशाला?

राष्ट्रसेवा म्हटलं की आपल्याला सीमेवरचा जवान आठवतो, नाहीतर १५ ऑगस्टचं झेंडावंदन. दापोड्यात राहणाऱ्याला मात्र आधी गोदाम आठवायला हवं.

२९ एप्रिल २०२३ ला आपल्या जवळच वळपाड्यात वर्धमान कंपाउंडमधली इमारत भरदुपारी कोसळली. खाली गोदाम, वर बिऱ्हाडं. ८ जीव गेले. दुसऱ्या दिवशीसुद्धा ढिगाऱ्यातून माणूस जिवंत निघाला. त्याआधी सप्टेंबर २०२० मध्ये भिवंडीतल्या पटेल कंपाउंडची जिलानी इमारत पहाटे बसली, तेव्हा एनडीआरएफ पोचायच्या आधी शेजारच्यांनीच हातांनी विटा उपसून कित्येकांना बाहेर काढलं. त्यांना कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं.

केंद्र सरकारची 'आपदा मित्र' नावाची योजना आहे. स्थानिक लोकांना १२ दिवसांचं प्रशिक्षण, सोबत साहित्याची पिशवी आणि विमा. योजना चांगलीच आहे. पण वयाची अट १८ ते ४०! ढिगारा उपसायला तरणे हात लागतात, कबूल. पण नुसतं तेवढंच काम असतं का? कोणत्या गाळ्यात केमिकलचे ड्रम आहेत, कुठल्या माळ्यावर किती हमाल झोपतात, कोणती गल्ली कंटेनर लावून कायम बंद असते, हे गावातल्या साठीच्या काकांना जेवढं ठाऊक आहे तेवढं कुठल्या फायलीत सापडणार नाही. बचत गटाच्या ताई हळदीला पाचशे माणसांचं जेवण हसत हसत उरकतात. दहावीची पोरं अर्ध्या तासात मोबाईलवर यादी बनवतील. आणि यूपी-बिहारहून आलेल्या हमालांना सोडून कसं चालेल? आग लागली तर आत तेच असतात.

कॉलेजात एनएसएस आहे, १९६९ पासून. दोन वर्षांत २४० तास सेवा, सात दिवसांचं शिबिर. डिग्री हातात पडली की सेवा संपली. पुढची चाळीस-पन्नास वर्षं काय नुसतं फॉरवर्ड करायचं?

काहीजण म्हणतील, हे सरकारचं काम, आम्ही घरपट्टी भरतो. बरोबर आहे. एवढी गोदामं उभी राहू दिली तर अग्निशमन केंद्रही इथंच पाहिजे, ती मागणी सोडायची नाहीच. स्वयंसेवक आहेत ना, मग बंब कशाला, असं उद्या कुणी म्हणालं तर सगळ्यात आधी मी भांडेन. पण मानकोली नाक्यावरचा ट्रॅफिक आपल्याला माहीत आहे. गाडी निघाली तरी ती पोचेपर्यंतची पहिली वीस-पंचवीस मिनिटं आपलीच.

सक्ती नको. सक्तीचं श्रमदान म्हणजे फोटोपुरता झाडू, ते पुष्कळ बघितलंय. महिन्यातून दोन तास, ज्याला जे जमेल ते. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मी दोनच गोष्टी मांडणार आहे: गोदामांची नोंदवही, आणि वयाची अट नसलेली गावाची यादी. नोंदवहीसाठी कोण कोण बसणार, ते खाली कमेंटमध्ये नाव लिहा.