बलिदान कोणाचे आणि हुकूम कोणाचा?

दुसऱ्या महायुद्धातील जपानच्या आत्मघातकी वैमानिकांचे व्हिडिओ सध्या आपल्या पोरांच्या मोबाईलवर जोरात फिरत आहेत. कपाळाला पट्टी बांधलेला वीस-बावीस वर्षांचा मुलगा, हातात निरोपाचा पेला, मागे भारावून टाकणारे संगीत आणि खाली मजकूर : याला म्हणतात देशप्रेम! काही ठिकाणी तर ‘बुद्धाच्या देशातील शूरवीर’ असेही लिहिलेले असते. आपले कार्यकर्तेही ते पुढे ढकलतात. त्यात त्यांचा दोष नाही. ज्या समाजाला शतकानुशतके शस्त्र हाती धरू दिले नाही, त्याला शौर्याची ओढ असणारच. पण ‘बुद्धाचा देश’ हे शब्द वापरले की मग आम्हाला बोलावेच लागते.

आधी हा प्रकार काय होता ते पाहू. ऑक्टोबर 1944 मध्ये फिलिपाइन्समध्ये जपानी नौदल हरत आले होते. तेव्हा व्हाइस अॅडमिरल ओनिशी ताकिजिरो यांनी बॉम्ब बांधलेले विमान वैमानिकासकट शत्रूच्या जहाजावर आदळवायची योजना पुढे रेटली. जगाने त्याला कामिकाझे म्हटले, जपानी लष्कर ‘विशेष हल्ला दल’ म्हणे. युद्ध संपेपर्यंत या दलांतील सुमारे 4,000 वैमानिक मेले. अमेरिकेत काम करणाऱ्या जपानी मानववंशशास्त्रज्ञ एमिको ओनुकी-टियर्नी यांनी या मुलांच्या डायऱ्या आणि पत्रांवर मोठे काम केले आहे. त्यांच्या अंदाजानुसार यातले साधारण 3,000 किशोरवयीन शिकाऊ वैमानिक होते आणि 1,000 च्या आसपास विद्यापीठातून उचललेले विद्यार्थी. 1943 च्या शरद ऋतूत सरकारने विद्यार्थ्यांची लष्करसेवेतली सूट काढून घेतली. इंजिनिअरिंग आणि विज्ञानाच्या मुलांना ठेवले, कला, कायदा, अर्थशास्त्र शिकणाऱ्यांना धाडले. त्यांच्या पुस्तकांत कांट होता, रूसो होता, मार्क्सही होता.

आणि ज्यांनी वर्षानुवर्षे लष्करी अकादमीत शिक्षण घेतले, छातीवर पदके लावली, ते वरिष्ठ अधिकारी? ते यादी करत होते.

‘पण ती मुले स्वेच्छेने गेली ना?’ असे कोणी विचारेल. स्वेच्छा म्हणजे काय, हे आपल्याला तरी कोणी शिकवायला नको. गावकीत सगळ्यांच्या देखत ‘तुला हे काम करायचे आहे ना?’ असे विचारले की उत्तर ठरलेलेच असते. येसकरी स्वेच्छेने होत होती का? बरॅकमध्ये सोबत्यांसमोर उभे करून, वरिष्ठाच्या नजरेखाली ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहून मागितले, तर तिथे संमती नसते, कोंडी असते. दोन उदाहरणे देतो. दोन्ही एकाच दिवसाची आहेत, 11 मे 1945 ची.

पहिला उएहारा र्योजी. केइओ विद्यापीठात अर्थशास्त्र शिकणारा, वय 22. जाण्याच्या आदल्या रात्री त्याने एक टिपण लिहून ठेवले. त्यात तो स्वतःला उदारमतवादी म्हणवतो आणि सांगतो की हुकूमशाही राष्ट्रे शेवटी हरणारच. म्हणजे ज्या राज्यासाठी तो मरायला निघाला होता ते हरणार आणि हरावे, हे त्याला कळत होते. तरीही तो गेला. याला देशप्रेमाची कमाल म्हणायचे की व्यवस्थेने बुद्धिमान माणसाची केलेली कोंडी? रील बनवणाऱ्यांनी हे टिपण वाचलेले नसते.

दुसरा ताक ग्योंग-ह्योन. कोरियन माणूस. जपानने 1910 मध्ये कोरिया गिळला आणि 1940 पासून कोरियनांना जपानी नावे घ्यायला लावली. म्हणून कागदोपत्री हा मित्सुयामा फुमिहिरो. क्योतोमध्ये औषधनिर्माणशास्त्र शिकलेला. क्युशू बेटावरच्या चिरान तळाजवळ तोमे तोरिहामा नावाची बाई खानावळ चालवत असे, तिथे ही मुले जेवायला येत. शेवटच्या रात्री ताकने टोपी डोळ्यांवर ओढून ‘आरिरांग’ हे कोरियन लोकगीत गायले, अशी आठवण त्या बाईंनी पुढे सांगितली. सकाळी तो त्याच साम्राज्यासाठी मेला, ज्याने त्याचे नाव पुसले होते. पुढे 2008 साली कोरियात त्याच्या मूळ गावाकडे स्मारक उभारायचे ठरले, तेव्हा तिथल्या लोकांनी ते होऊ दिले नाही. साम्राज्याच्या सैनिकाचे स्मारक आमच्या मातीत नको, असे त्यांचे म्हणणे. दुसरीकडे तोक्योच्या यासुकुनी मंदिरात युद्धात मेलेल्या सुमारे 21,000 कोरियनांना ‘देव’ करून ठेवले आहे. त्याच मंदिरात 1978 मध्ये 14 प्रमुख युद्धगुन्हेगारांनाही गुपचूप बसवले. ‘आमच्या बापाचे नाव काढा’ म्हणून कोरियन वारस कोर्टात गेले, तर मंदिराचे उत्तर असे की एकदा मिसळलेले आत्मे वेगळे करता येत नाहीत. जिवंतपणी नाव हिसकावले आणि मेल्यावर नाव सोडायला तयार नाहीत!

आमचे मत असे की गावात ताकची आठवण राहायला हवी होती. पण त्या दगडावर त्याचे खरे नाव आणि त्याला मारणाऱ्या राज्याचे नाव, दोन्ही कोरायला हवे होते. साम्राज्याचा शिपाई म्हणून त्याला टाकून देणे सोपे आहे. कोरेगावच्या स्तंभावरून आपल्यालाही हेच सुनावले जाते, म्हणून हा मुद्दा आपल्या फार जवळचा आहे. त्याकडे येतोच.

आता ‘बुद्धाचा देश’. जपानमधील बहुतेक सर्व मोठ्या बौद्ध पंथांनी त्या युद्धाला साथ दिली. सैनिकांसाठी पूजापाठ झाले, विमानांसाठी निधी गोळा झाला. झेन आचार्यांनी अनात्मवादाचा असा अर्थ लावला की ‘मी’ च नाही, तर मरणार कोण आणि मारणार कोण? ब्रायन व्हिक्टोरिया हे स्वतः सोतो झेन भिक्षू. त्यांनी 1997 मध्ये ‘झेन अॅट वॉर’ हे पुस्तक लिहून हे सारे पुराव्यानिशी मांडले. आमच्या धम्मवर्गात हे पुस्तक निघाले की काही ज्येष्ठ उपासक अस्वस्थ होतात, ‘धम्माची बदनामी कशाला’ म्हणतात. त्यांना आम्ही विचारतो, मनुस्मृतीची चिकित्सा करायची आणि भिक्षूंची करायची नाही, हे बाबासाहेबांच्या कोणत्या ग्रंथात लिहिले आहे?

याच सोतो पंथाच्या काही मंदिरांत बुराकू समाजाच्या मृतांना अशी मरणोत्तर नावे दिली जात की त्यातून त्यांची ‘हीन’ जात कळावी. ‘पशू’ अशा अर्थाची अक्षरे थडग्यावर कोरलेली! बुराकू म्हणजे जपानमधले अस्पृश्य. 1979 मध्ये एका आंतरराष्ट्रीय धर्मपरिषदेत या पंथाचे पदाधिकारी ‘जपानमध्ये असा भेदभाव नाही’ असे बोलून आले. बुराकू मुक्ती चळवळीने त्यांना धारेवर धरले, तेव्हा थडगी तपासणे सुरू झाले. युद्धातील सहभागाबद्दल या पंथाने पश्चात्ताप जाहीर केला तो 1992 मध्ये, म्हणजे त्यानंतर. जो धर्मसंघ माणसाला मेल्यावरही जात चिकटवतो, तो पोरांना मरणाच्या विमानात बसवताना कसा कचरेल?

उलट उदाहरणही आहे. ताकेनाका शोगेन नावाचे सत्तरीला आलेले भिक्षू 1937 मध्ये गावकऱ्यांना म्हणाले की युद्ध हा गुन्हा आहे. लोकांनीच तक्रार केली, कोर्टाने शिक्षा दिली, पंथाने त्यांचा दर्जा काढला. तो परत द्यायला पंथाला 2007 साल उजाडावे लागले. बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मधला सिद्धार्थ आठवा. रोहिणीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध पुकारायचा ठराव शाक्य संघापुढे येतो. सेनापती वीस ते पन्नास वयाच्या प्रत्येक शाक्याला सैन्यात बोलावतो. सिद्धार्थ उभा राहून नाही म्हणतो. कुटुंबावर बहिष्कार आणि जमीनजप्तीची धमकी येते, तेव्हा तो गृहत्याग पत्करतो, पण शस्त्र पत्करत नाही. बाबासाहेबांनी प्रेत, म्हातारा आणि रोगी यांची गोष्ट बाजूला सारून ही गोष्ट का निवडली, याचा विचार करा.

म्हणजे आम्ही सैन्याच्या विरोधात आहोत का? मुळीच नाही. बाबासाहेब सुभेदाराचे पुत्र होते. हिटलरविरुद्धच्या युद्धात महारांनी भरती व्हावे असे त्यांनी सांगितले. 1941 मध्ये ते संरक्षण सल्लागार समितीवर होते आणि त्याच वर्षी 1 ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. पण ही रेजिमेंट कोणी मरणाच्या मोबदल्यात बक्षीस दिली नव्हती. 1 जानेवारी 1818 ला कोरेगावला महार शिपाई लढले, स्तंभावर ‘नाक’ लागलेली 22 नावे कोरली गेली, आणि त्याच इंग्रजांनी 1892 च्या सुमारास महारांची भरती बंद केली. नावे दगडावर आणि माणसे दाराबाहेर! पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा 1917 मध्ये 111 वी महार पलटण उभारली आणि 1921 मध्ये मोडली. दार उघडले ते गोपाळबाबा वलंगकरांच्या, शिवराम जानबा कांबळेंच्या अर्जांनी आणि बाबासाहेबांच्या रेट्याने. 1910 चा शिवराम जानबांचा अर्ज म्हणजे पूर्वजांच्या लष्करसेवेचा हवाला देऊन हक्काची मागणी होती. ताकच्या पिढीला असा अर्ज करण्याची जागाच साम्राज्याने ठेवली नव्हती. कोरेगाव आणि चिरान यांत आम्हाला फरक दिसतो तो इथे.

आपल्या वस्त्यांतली मुले आजही पहाटे चारला हायवेच्या कडेने धावतात. 2022 पासून अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी जातात, त्यातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना कायम होण्याची संधी, बाकीच्यांना पेन्शन नाही. त्या मुलांना मरणाचे संगीत ऐकवणारे व्हिडिओ दाखवायचे की सेवाशर्ती वाचायला लावायच्या?

ओनिशींनी शरणागतीच्या दुसऱ्या दिवशी पोट फाडून घेतले, निदान हिशेब तरी चुकता केला असे काहीजण म्हणतात. अॅडमिरल उगाकी मातोमे यांनी तर 15 ऑगस्टला सम्राटाची शरणागतीची घोषणा झाल्यावर शेवटचे उड्डाण केले आणि एकटे न जाता हाताखालच्या तरुणांनाही सोबत नेले. युद्ध संपले होते. त्या मुलांच्या आया घरी वाट पाहत होत्या.

येत्या 1 जानेवारीला आमच्या मंडळात मानवंदनेआधी 1910 चा अर्ज मोठ्याने वाचायचे ठरले आहे, आणि सोबत उएहारा आणि ताक यांची गोष्ट सांगायची आहे. भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना खास बोलावले आहे. ज्यांना यायचे त्यांनी यावे, ज्यांना वाद घालायचा त्यांनी तर नक्कीच.

जय भीम!