पायलट व्हायचंय? आधी देश ठरवा!

नवापूर स्टेशनवरचं ते फेमस बाकडं तुम्हाला माहीत असेलच. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. एकाच बाकड्यावर बसलेले दोन मित्र दोन राज्यांत असतात. आपल्या जिल्ह्यात सीमा म्हणजे सेल्फी काढण्यापुरती गोष्ट. एमएच-३९ ची बाइक घेऊन उच्छलला गेलो, तरी खिशातलं लायसन्स तेच चालतं. म्हणूनच की काय, पायलटचं लायसन्सही जगात कुठेही चालतं, असं आपल्यापैकी अनेकांना वाटतं.

परवा शहाद्याच्या एका ज्युनिअरने मोबाइलवर जाहिरात दाखवली. ट्रेनिंग स्वस्त देशात घ्या, नंतर लायसन्स ‘कन्व्हर्ट’ करा आणि युरोपात उडा, असा तिचा सूर. घरी शेतावर कर्ज काढायची बोलणी सुरू आहेत. त्याच्या वडिलांनी मला एकच विचारलं, ‘‘एवढं केल्यावर पोरगं तिकडं लागेल ना?’’ मला उत्तर देता आलं नाही. मग नियम वाचायला बसलो.

पहिली गोष्ट कळली ती अशी. पायलटचं लायसन्स विमानाच्या नोंदणीशी बांधलेलं असतं. १९४४ च्या शिकागो करारानुसार, विमान ज्या देशात नोंदलेलं आहे, त्या देशाने दिलेलं किंवा मान्य केलेलं लायसन्स पायलटकडे हवं. एअर इंडियाचं विमान मुंबईहून लंडनला जातं, तेव्हा त्याच्या शेपटाकडे ‘व्हीटी’ने सुरू होणारा भारतीय नंबर असतो. म्हणून भारतीय लायसन्सवर लंडनपर्यंत जाता येतं. पण जर्मनीत नोंदलेलं विमान त्याच लायसन्सवर मुंबईहून पुण्यालाही नेता येत नाही.

आता युरोपचं बघू. तिथले नियम ‘इयासा’ ही संस्था बघते. युरोपियन युनियनचे २७ देश आणि सोबत नॉर्वे, आइसलँड, स्वित्झर्लंड, लिश्टेनश्टाइन, अशा ३१ देशांत एकच लायसन्स चालतं. ऐकायला भारी वाटतं. पण भारतीय कमर्शियल लायसन्स घेऊन गेलात, तर कन्व्हर्ट म्हणजे शिक्का मारून घेणं नव्हे. तुमचे उड्डाणाचे तास धरले जातात, थिअरी मात्र पुन्हा. एअरलाइनसाठी १३ पेपर, प्रत्येकात किमान ७५ टक्के, आणि पहिला पेपर दिल्यापासून साधारण १८ महिन्यांत सगळे सुटले पाहिजेत. शिवाय युरोपची क्लास वन मेडिकल, तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेत तुमच्या अनुभवानुसार ठरणारं ट्रेनिंग आणि शेवटी स्किल टेस्ट. ब्रिटन तर २०२० संपताना इयासातून बाहेर पडलं. त्यामुळे तिथली कटकट वेगळी.

हा आपल्यावर अन्याय आहे का? मला नाही वाटत. आपणही तेच करतो. अमेरिकेत ट्रेनिंग घेऊन आलेल्या मुलांना आपलं डीजीसीए एअर रेग्युलेशनचा आणि नेव्हिगेशन-मेटिऑरॉलॉजीचा एकत्रित पेपर द्यायला लावतं, आपली मेडिकल करायला लावतं. आणि का लावू नये? २०११ मध्ये आपल्याकडेच खोट्या मार्कशीट दाखवून लायसन्स मिळवल्याची प्रकरणं बाहेर आली होती. पाकिस्तानात २०२० मध्ये पायलटांच्या लायसन्सवर शंका निघाली आणि युरोपने पीआयएची विमानं बंद केली. ती बंदी उठायला २०२४ चा नोव्हेंबर उजाडला. मागे दीडशे-दोनशे माणसं बसलेली असतात भाऊ, परीक्षा कडक असलेलीच बरी.

माझा राग आहे तो अर्धवट माहितीवर. कारण १३ पेपर सुटले तरी काम संपत नाही. लायसन्स म्हणजे वर्क परमिट नव्हे. युरोपातल्या अनेक एअरलाइन भरतीच्या जाहिरातीतच लिहितात, की उमेदवाराला युरोपियन युनियनमध्ये राहण्याचा आणि काम करण्याचा हक्क हवा. तो इयासा देत नाही. म्हणजे लाखो रुपये घालून आपण असं लायसन्स काढू, जे खरं आहे, पण ज्यावर तिथे उभंच राहता येत नाही. जाहिरातीत हे वाक्य नसतं.

पुण्या-मुंबईच्या पोराला निदान सोसायटीत एखादे पायलट काका भेटतात. आपल्या जिल्ह्यात प्रवासी विमानतळच नाही. अक्कलकुवा-धडगावच्या मुलीने हे विचारायचं कोणाला? तिच्यासाठी पहिला माहितीचा सोर्स म्हणजे तोच कन्सल्टंट, ज्याला तिच्या अ‍ॅडमिशनचे पैसे मिळणार आहेत.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. फी घेण्याआधी प्रत्येक कन्सल्टंटने आणि संस्थेने एक पान मराठीत लिहून द्यावं: हे लायसन्स कोणत्या देशाचं, त्यावर कुठे नोंदलेली विमानं चालवता येतील, दुसरीकडे जायचं तर पुढे कोणत्या परीक्षा आणि किती खर्च, आणि कामाचा हक्क कोण देणार. जो लिहून देत नाही, त्याला पैसे देऊ नका. आपल्या कॉलेजांनीही करिअर डेला एमपीएससीसोबत यावर एक तास ठेवावा.

स्वप्न सोडा, असं मी अजिबात म्हणत नाहीये. शेजारच्या शिरपूरच्या धावपट्टीवरून ट्रेनिंगची विमानं रोज उडतात. भारतात नोकरी करायची, तर बारावीला फिजिक्स-मॅथ्स, डीजीसीएचे पेपर, मेडिकल आणि २०० तास उड्डाण हा रस्ता सरळ आहे. महाग आहे, पण कुठे पोहोचतो ते दिसतं. आणि सगळ्यात आधी मेडिकल करून घ्या. त्यातच अडकलात, तर निदान शेत तरी वाचेल.

ज्युनिअरच्या वडिलांना मी शेवटी एवढंच सांगितलं, ‘‘काका, पोरगं कोणत्या देशाचं विमान चालवणार, ते आधी ठरवा. कर्जाचं नंतर बघू.’’ त्यांनी बँकेतली पुढची तारीख सध्या पुढे ढकलली आहे. पोरगा माझ्यावर चिडलाय. पण मेडिकलची अपॉइंटमेंट त्याने घेतली आहे.