१९७७चा मतदार आणि १९७८ची आग

‘लोकशाहीचे आता काही खरे नाही’ हे वाक्य, देशावर वादळ आले की शिक्षकांच्या खोलीत, कचेरीतल्या मधल्या सुट्टीत आणि वसतिगृहांच्या ओट्यांवर हटकून ऐकू येते. ते उच्चारणारी माणसे लोकशाहीची वैरी नसतात. बहुधा तिच्यावर इतरांहून अधिक जीव असणारीच असतात. त्यांची निराशा खोटी नाही. तिचा हिशेब मात्र अपुरा आहे. तो नीट मांडायचा तर मराठवाड्याकडे पाहावे. या प्रांताने लोकशाहीचा पराक्रम आणि तिची विटंबना ही दोन्ही अवघ्या सोळा महिन्यांच्या अंतराने पाहिली.

मराठवाड्याच्या हाती मतपत्रिका उशिरा आली. देश १९४७ साली स्वतंत्र झाला तेव्हा येथे निजामाचा अंमल होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो संपला आणि प्रौढ मताधिकाराचे पहिले मतदान पुढे १९५१-५२च्या निवडणुकीत झाले. २५ जून १९७५च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली तेव्हा येथल्या मतदाराचा अनुभव पाव शतकाचाही नव्हता. वृत्तपत्रांवर तपासनीस बसले, विरोधी पुढारी गजाआड गेले. औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, दैनिक ‘मराठवाडा’चे संपादक अनंत भालेराव यांनाही तुरुंगवास घडला. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी स्थानबद्धाला न्यायालयाचे दार ठोठावण्याचाही अधिकार नाकारला, एकट्या न्या. एच. आर. खन्ना यांनी विरोधी मत नोंदविले. कचेऱ्या वेळेवर भरतात, गाड्या वेळेवर सुटतात, याचे कौतुक करण्यात मध्यमवर्गातले पुष्कळ जण त्या वेळी गुंतले होते.

मार्च १९७७च्या निवडणुकीने त्यांचे अंदाज चुकविले. औरंगाबादेतून जनता पक्षाचे डॉ. बापू काळदाते लोकसभेवर गेले. नांदेडमधून केशवराव धोंडगे आणि लातूरमधून उद्धवराव पाटील हे शेतकरी कामगार पक्षाचे, तर बीडमधून मार्क्सवादी गंगाधरअप्पा बुरांडे. महाराष्ट्रातल्या ४८ जागांपैकी काँग्रेसच्या वाट्याला अवघ्या २० आल्या. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याला स्वातंत्र्याची काय किंमत, असे विचारणाऱ्यांना हे उत्तर पुरेसे होते.

येथेच थांबले तर ही कथा फार गोड होते, आणि लोकशाहीच्या गुणगानात ती बहुधा येथेच थांबविली जाते. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव संमत केला. बाबासाहेबांनी १९५० साली याच शहरात महाविद्यालय काढले, तेव्हा विद्यापीठाच्या स्थापनेला आठ वर्षांचा अवकाश होता. तरीही विरोधाचा वणवा पेटला आणि पाहता पाहता तो खेड्यांतल्या दलित वस्त्यांत शिरला. घरे जळली, संसार उघड्यावर आले. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. निजामाशी झुंजलेल्या गोविंदभाई श्रॉफांसारख्या थोर नेत्यानेही नामांतराला विरोध केला होता. त्यांचा युक्तिवाद प्रादेशिक अस्मितेचा होता, जाळपोळीचा नव्हता, हे न्यायाने सांगितले पाहिजे; पण ज्याचे घर जळत होते त्याने हा भेद लक्षात घ्यावा, अशी अपेक्षा करणे क्रूरपणाचे ठरेल. सरकारने ठरावाची अंमलबजावणी पुढे ढकलली.

प्रांत तोच होता आणि मतदारही तेच होते. राजकारणात समता आणि समाजजीवनात विषमता असा विसंगत संसार हा देश मांडतो आहे, ही विसंगती वेळीच मिटविली नाही तर राजकीय लोकशाहीच धोक्यात येईल, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत दिला होता. मराठवाड्याने त्या इशाऱ्याचा पडताळा दिला, तोही त्यांच्याच नावावरून.

तेव्हा जनता उपजतच शहाणी असते, या समजुतीवर लोकशाहीची आशा बांधता येत नाही. बांधायचीच तर ती चूक दुरुस्त करण्याची वाट उघडी राहते की नाही, यावर बांधावी. आणीबाणीचे खरे पाप हेच होते की तिने ही वाट बंद केली. १९७८ नंतर ती बंद झाली नाही. सत्याग्रह झाले, विद्यार्थी तुरुंगात गेले, १९७९ साली प्रा. जोगेंद्र कवाडे यांच्या नेतृत्वाखाली नागपूरच्या दीक्षाभूमीवरून लाँग मार्च निघाला. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. तोही तडजोडीने: बाबासाहेबांचे नाव आले आणि ‘मराठवाडा’ही राहिले. साडेपंधरा वर्षे लागली. १९७८ साली जन्मलेले मूल तोवर दहावीच्या वर्गात पोचले होते. एवढ्या विलंबाला यश म्हणताना जीभ अडखळते, आणि अडखळावीच.

आणीबाणीची दुरुस्तीही अशीच रेंगाळत झाली. १९७८ सालीच संसदेने ४४वी घटनादुरुस्ती मंजूर केली. ‘अंतर्गत अशांतता’ हे मोघम कारण जाऊन ‘सशस्त्र बंड’ आले, मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक ठरला आणि जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद झाली. न्यायालयाला मात्र १९७६चा आपला निर्णय चुकीचा ठरवायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावे लागले. त्या वेळचे प्रमुख निकालपत्र लिहिणारे न्या. धनंजय चंद्रचूड हे १९७६च्या बहुमतातल्या न्या. यशवंत चंद्रचूड यांचे पुत्र. एका घरातल्या दोन पिढ्या या दुरुस्तीत खर्ची पडल्या.

आजच्या किंवा उद्याच्या वादळात म्हणून चौकशी करायची ती याच वाटेची. स्थानबद्धाला न्यायाधीशासमोर उभे राहता येते का, सरकारला न रुचणारी बातमी सकाळी छापून येते का, मोर्चा काढणारा घरी परततो का, हरलेला पक्ष मुकाट्याने खुर्ची सोडतो का? उत्तरे होकारार्थी असतील तोवर हताश होण्याचे कारण नाही. ती डळमळीत झाली, तर चूप बसण्याची सवलत शिक्षकालाही नाही आणि कारकुनालाही नाही.

दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून माणसांची रीघ लागते. त्यांतल्या अनेकांनी आत जाऊन वर्गात बसण्याचा अनुभव कधी घेतलेला नसतो. लेकरांना उचलून ती कमानीवरचे नाव दाखवितात.