विद्यापीठ निवडायचे ते कशासाठी?

बारावीचा निकाल लागला की शिरूर आणि दौंड तालुक्यांतील घराघरांत ‘आता पुढे काय?’ हा प्रश्न उभा राहतो. पुष्कळ घरांत त्याचे उत्तर निकालपत्र हाती येण्यापूर्वीच ठरलेले असते. रांजणगावची औद्योगिक वसाहत डोळ्यांसमोर असते, नात्यातल्या मुलाला लागलेली नोकरी ठाऊक असते आणि पुण्यातील एखाद्या संस्थेचे गुळगुळीत माहितीपत्रकही घरात येऊन पडलेले असते. ज्याला शिकायचे आहे त्याला काय जाणून घ्यावेसे वाटते, एवढे मात्र कोणी विचारीत नाही. बहुतेक मुले ठरलेल्या वाटेने निमूटपणे जातात आणि त्यांतील अनेकांचे भलेही होते. प्रश्न आहे तो थोड्या वेगळ्या मुलांचा. धड्यात लिहिले आहे ते खरे कशावरून, असे विचारणाऱ्या, अभ्यासक्रमाबाहेरची पुस्तके धुंडाळणाऱ्या मुलामुलींनी कोणत्या विद्यापीठात जावे?

अशा विद्यार्थ्याला आपल्याकडे चटकन ‘आगाऊ’ ठरवले जाते. स्वतंत्र वृत्ती आणि उद्दामपणा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. उद्दाम मुलाला नियम नकोसा असतो, तर स्वतंत्र बुद्धीच्या मुलाला नियमामागचे कारण हवे असते. ‘वादे वादे जायते तत्त्वबोधः’ असे मानणाऱ्या परंपरेत प्रश्न विचारणारा शिष्य हा गुरूचा अपमान कधीच नव्हता. नचिकेत्याच्या प्रश्नांना यमधर्मानेही अखेर उत्तर दिले. आजच्या वर्गात मात्र प्रश्नापेक्षा हजेरीला महत्त्व आले आहे.

याचे मूळ आपल्या विद्यापीठांच्या घडणीत आहे. १८५७ साली मुंबई, कोलकाता आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली, ती तत्कालीन लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. त्यांचे मुख्य काम शिकवण्याचे नव्हते, परीक्षा घेण्याचे होते. शिकवायचे महाविद्यालयांनी आणि पदवी द्यायची विद्यापीठाने, ही विभागणी तेव्हापासूनची. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाले, बॅ. मुकुंदराव जयकर त्याचे पहिले कुलगुरू झाले, २०१४ मध्ये त्याला सावित्रीबाई फुले यांचे नाव मिळाले. पण संलग्नतेची चौकट कायम राहिली. शिरूरच्या चांदमल ताराचंद बोरा महाविद्यालयातून बी.ए. झालेल्या मुलीच्या पदवीवर जे नाव असते, तेच पुण्यातील अनेक महाविद्यालयांच्या पदवीवर असते. म्हणजे शिरूरचा विद्यार्थी विद्यापीठ निवडतो असे आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात तो पुष्कळदा फक्त इमारत निवडत असतो. खरा फरक असतो तो प्राध्यापक, ग्रंथालय आणि सोबती यांचा. निवड करायची ती या तीन गोष्टींची.

स्वतंत्र बुद्धीचा विद्यार्थी आणि संस्था यांच्यातील ताण पुण्याला नवा नाही. १९०५ च्या दसऱ्याला पुण्यात परदेशी कपड्यांची होळी झाली. तिच्यात पुढाकार घेणारे विनायक दामोदर सावरकर तेव्हा फर्ग्युसन महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. प्राचार्य रँग्लर परांजपे यांनी त्यांना दहा रुपये दंड केला आणि वसतिगृहातून काढून टाकले. परांजपे हे काही संकुचित बुद्धीचे गृहस्थ नव्हते. केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत १८९९ साली सर्वप्रथम आलेला हा माणूस स्वतः प्रखर बुद्धिवादी होता. ज्या शिक्षणसंस्थेचे ते महाविद्यालय, तिच्या संस्थापकांत टिळक आणि आगरकर होते. तरीही असे घडले. पुढे १९११ मध्ये मुंबई विद्यापीठाने सावरकरांची बी.ए. पदवीच काढून घेतली आणि ती परत द्यायला १९६० साल उजाडावे लागले. मधल्या काळात सावरकरांच्या विद्वत्तेत पदवीअभावी काडीइतकाही उणेपणा आला नाही.

या प्रकरणाचा बोध दुहेरी आहे. संस्थापक कितीही तेजस्वी असले आणि प्राचार्य कितीही विद्वान असले, तरी राजमान्यतेवर उभी असलेली संस्था एका मर्यादेपलीकडे स्वतंत्र वृत्तीला पाठीशी घालीत नाही, ही एक बाजू. ज्या महाविद्यालयाने दंड केला, त्याच महाविद्यालयाच्या परिसरात त्या तरुणाला सोबती लाभले, वाचायला ग्रंथ मिळाले आणि वक्तृत्वाला श्रोते मिळाले, ही दुसरी. ज्या संस्थेत कधीच मतभेद होत नाही, ती आदर्श मानण्याचे कारण नाही. मतभेदानंतरही जिथे शिकता येते, ती संस्था चांगली.

चौकटीबाहेर जाऊन संस्था उभारणारेही याच भूमीत झाले. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकरांचे तळेगावचे समर्थ विद्यालय राष्ट्रीय शिक्षणासाठी उभे राहिले आणि १९१० साली सरकारने ते बंद पाडले. १९१६ मध्ये महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले, तेव्हा त्याला ना सरकारी मान्यता होती ना नोकरीची हमी. मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्याचा आग्रह होता आणि आरंभी विद्यार्थिनी होत्या अवघ्या पाच! रयत शिक्षण संस्थेच्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र दिला. स्वतःच्या श्रमावर शिकणारा मुलगा कोणाचा मिंधा राहत नाही, हे त्यांनी ओळखले होते. बुद्धीच्या स्वातंत्र्याचा पाया स्वावलंबनात असतो, हा या परंपरेचा धडा आहे.

आजच्या निवडीत हा धडा विसरला जातो. पुण्याभोवती खासगी विद्यापीठांची दाटी झाली आहे. त्यांतील काहींत विषय निवडण्याची मोकळीक अधिक आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु ती मोकळीक लाखो रुपयांच्या शुल्कातून येते आणि ते शुल्क जमीन गहाण टाकून किंवा कर्ज काढून भरावे लागते. तीन-चार वर्षे मोकळेपणाने शिकलेला तरुण पुढची दहा वर्षे हप्त्यासाठी मिळेल ती नोकरी करणार असेल, तर त्या मोकळेपणाचा उपयोग काय? क्रमवारीच्या याद्यांचेही तसेच. २०१६ पासून केंद्र सरकारची राष्ट्रीय क्रमवारी प्रसिद्ध होते. ती अध्यापन, संशोधन, पदवी घेऊन बाहेर पडणारे विद्यार्थी, समावेशकता आणि लौकिक यांचे मोजमाप करते. ते उपयुक्त आहे. पण वर्गात हात वर करणाऱ्या मुलीला उत्तर मिळते की टोमणा, हे कोणत्याही यादीत छापलेले नसते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या कोंडीला वाट करून दिली आहे. मुख्य विषयाबरोबर वेगळ्या शाखेचा विषय घेता येतो, अर्धवट सुटलेले शिक्षण पुन्हा जोडता येते आणि मिळवलेले श्रेयांक जमा राहतात. भारतीय ज्ञान प्रणालीलाही अभ्यासक्रमात स्थान मिळाले आहे. धोरणाची दिशा निःसंशय योग्य आहे. मात्र ज्या महाविद्यालयात मोजकेच विभाग आहेत आणि त्यांतील अध्यापक तासिका तत्त्वावर राबत आहेत, तिथे ‘निवडीचे स्वातंत्र्य’ वेळापत्रकाच्या कागदावरच राहते. भारतीय ज्ञान प्रणालीसुद्धा गाइडमधून पाठ करून घेतली, तर आर्यभटाचे नाव लक्षात राहील आणि त्याची जिज्ञासा हरवेल. शासनाने रिकाम्या जागा भरल्याविना हे धोरण ग्रामीण महाराष्ट्रात रुजणार नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे.

मग शिरूरच्या विद्यार्थ्याने काय करावे? प्रवेशापूर्वी माहितीपत्रक बाजूला ठेवून तिथे एक दिवस घालवावा. दुसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोलावे. ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडे असते आणि कपाटांना कुलपे आहेत काय, हे पाहावे. छापलेल्या विषयांपैकी प्रत्यक्षात किती शिकवले जातात, हे विचारावे. ज्याच्याशी वाद घालता येईल असा एक जरी प्राध्यापक आपल्या विषयात असेल, तर ते महाविद्यालय तालुक्याचे असो वा शहरातले, निवडण्याजोगे आहे. घरची अडचण असेल तर पहिली तीन वर्षे गावी काढून पदव्युत्तर शिक्षणासाठी विद्यापीठाच्या विभागात जाणे, हा मुळीच कमीपणाचा मार्ग नव्हे. तिथे जयकर ग्रंथालय आहे आणि कर्मवीरांच्या नावाची ‘कमवा व शिका’ योजनाही आहे. कारखान्यात पाळी करणाऱ्या तरुणासाठी १९८९ मध्ये स्थापन झालेले नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. स्वतः अभ्यास करण्याची सवय हीच तिथली खरी प्रवेशपरीक्षा.

पालकांनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. त्यांची काळजी खोटी नाही. एका हंगामाचा कांदा पडला की वसतिगृहाचे पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न विद्वत्तेच्या गप्पांनी सुटत नाही. मुलीला घोडनदीहून पुण्याला पाठवताना आईचा जीव टांगणीला लागतो, तेही स्वाभाविक आहे. म्हणूनच समाजाने यात उतरले पाहिजे. सुरक्षित आणि परवडणारी वसतिगृहे, गावोगावच्या अभ्यासिका आणि विद्यार्थिनींसाठी वेळेवर सुटणारी एस.टी. या गोष्टी भाषणांपेक्षा अधिक स्वातंत्र्य देतात. ‘तू इतिहास घे, आम्ही पाहून घेऊ’ एवढे एक वाक्य घरातून मिळाले, तरी मुलीच्या मनावरचे अर्धे ओझे उतरते.

आणि विद्यार्थ्यालाही एक सांगणे आहे. स्वतंत्र बुद्धी ही समाजाने दिलेली ठेव आहे. आई-वडिलांनी शेतात गाळलेला घाम, शिक्षकांचे कष्ट आणि करदात्याचा पैसा तिच्यामागे उभा असतो. प्रश्न विचारण्याचा हक्क मागणाऱ्याने उत्तर शोधण्याचे कष्टही स्वीकारले पाहिजेत. विद्यापीठ पदवी देईल, फार तर वाट दाखवील. चालायचे ज्याचे त्यानेच. अशा चालणाऱ्याला अडवणार नाही, तेच विद्यापीठ त्याचे.