पगाराचा आकडा

बंगळूरच्या इंदिरानगरात शंभर फुटी रस्त्याच्या आसपास नवनव्या कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत. अशा नोकऱ्यांच्या जाहिरातींत पात्रता, अनुभव, कामाचे स्वरूप सारे सविस्तर असते. वेतनापाशी मात्र बहुधा ‘योग्यतेनुसार’ एवढाच शब्द. मग मुलाखतीत प्रश्न येतो, “सध्या किती मिळते?” बाळंतपणानंतर चार वर्षे घरी राहिलेल्या स्त्रीने याचे काय उत्तर द्यावे? जुना तुटपुंजा पगारच नव्या पगाराचे माप ठरतो आणि एकदा झालेला अन्याय नोकरीगणिक पुढे चालतो.

सरकारी नोकरीत हा आडपडदा नसतो. जाहिरातीत वेतनश्रेणी छापलेली असते. शिवाय २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने कर्मचाऱ्यांचे मासिक वेतन स्वतःहून प्रसिद्ध करणे सरकारी कार्यालयांस बंधनकारक आहे. खाजगी क्षेत्रात १९७६ च्या समान वेतन कायद्याने समान कामासाठी स्त्रीपुरुषांच्या वेतनात भेद करण्यास मनाई केली. २०१९ च्या वेतन संहितेनेही ती कायम ठेवली. परंतु जाहिरातीत आकडा देण्याची सक्ती नाही. शेजारच्या मेजावरचा पगार ठाऊकच नसेल, तर भेद सिद्ध कसा व्हावा?

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०२१ पासून अशी सक्ती केली. युरोपीय संघाच्या २०२३ च्या निर्देशानुसार उमेदवारास पूर्वीचा पगार विचारताही येत नाही.

आपल्याकडे तसा कायदा होईपर्यंत अर्ज करतानाच नम्रपणे विचारावे, “या पदासाठी किती वेतन योजिले आहे?” आणि कचेरीत नव्याने आलेल्या भगिनीने विचारल्यास आपला आकडा तिला संकोच न करता सांगावा.